काळ्या कागदाचा कोपरा

सून : आई, शेवटचं विचारते. पेटीच्या काचेवरचा हा काळा कागद कुणी उचकटला?

सासू : उचकटला नाही. सकाळी तुझा विसरलेला डबा द्यायला इथे प्रयोगशाळेत आले, तर तू मीटिंगला बसलेली. एक कोपरा जरासा उचलला.

सून : आणि परत चिकटवला नाहीत!

सासू : चिकटेना. तुझी चिकटपट्टीच कुचकामी.

सून : म्हणजे दिवसभर खिडकीतला उजेड आत! अहो, उद्या दहाला तपासणीचे साहेब येणार. काही दाखवता आलं नाही, तर माझं काम बंद.

सासू : दाखवणार काय, कपाळ? आत नुसत्या रिकाम्या बशा.

सून : रिकाम्या नाहीत. त्यात जिवंत पेशी आहेत, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांच्या आतलं एक प्रथिन मी बदललंय. निळा उजेड पडला की पेशीनं सरकायला हवं.

सासू : सरकतात?

सून : अजून नाही.

सासू : चार महिने झाले की!

सून : हो, चार महिने.

सासू : माझ्या लेकासारख्याच दिसतात. तोही सोफ्यावरून हलत नाही.

सून : आई!

सासू : बरं बाई. उजेड देतेस कसा?

सून : वरून दिवा. मधोमध, सगळीकडे सारखा.

सासू : बघ तरी एकदा, जगल्यात का मेल्यात.

(सून बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. बराच वेळ डोकं वर काढत नाही.)

सासू : मेल्या? अगं, बोल काहीतरी! मी सांगेन साहेबांना, माझी चूक म्हणून. मी काय घाबरते कुणाला?

सून : सगळ्या एका बाजूला गेल्यात.

सासू : कुठल्या?

सून : तुम्ही उचललेल्या कोपऱ्याकडे. खिडकीच्या उजेडातही निळा असतोच.

सासू : जाणारच! चहूकडून सारखाच उजेड ओतलास, तर बिचाऱ्यांनी जायचं कुठे?

सून : मला कसं सुचलं नाही हे!

सासू : शिकलीस ना एवढी, म्हणून.

सून : आई, घरी आमच्या खोलीचा पडदा रोज एका बाजूनं सरकलेला असतो, तो...

सासू : वारा असेल. रिकामा डबा दे, निघते मी.

सून : थांबा ना. नवी बशी ठेवतेय, कोपऱ्याशी निळा दिवा लावून. सकाळपर्यंत पुन्हा तस्संच व्हायला हवं, तरच साहेब मानतील. कोपरा नक्की किती उचलला होतात?

सासू : सरक, मी दाखवते. एक डोळा मावेल एवढा.