कोरिंग प्रामाणिक आहे असं धरून

नाही, नाही सर, उभ्या उभ्या नको, बसा तुम्ही बाकावर — त्या टोकाला नको, तिकडचा पाय डुगडुगतो, ह्या टोकाला — हं, आणि कॉफी घ्या, त्यात हा पांदेसाल पाव बुडवून खा, गरम आहे तोवरच मजा. सहीचं ना? करते की! सही करायला मला काय धाड भरलीय? सोकोरो बाल्मेस, सबंध नाव, वळणदार अक्षरात करते. पण आधी मला एक सांगा — अठरा वर्षं मी ह्या गावाला सकाळचा पाव खाऊ घालतेय, लहानथोर सगळे कोरिंगमावशी म्हणतात, आणि माझ्या पोटची पोर, वेंग, चार टाळक्यांचा गट करून माझेच पाव शाळेत नेते, प्रयोगशाळेतल्या काट्यावर ठेवते, आणि कागदावर लिहिते काय? ‘विक्रेतीचा दावा नाकारण्यात येत आहे.’ विक्रेती! आई नाही हो, विक्रेती. तो एवढा शब्द वाचला आणि मी कागद मिटून टाकला, पुढे वाचलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ह्या बाईला संख्याशास्त्रातलं काय कळतंय. अहो, मला सगळं कळतं! संध्याकाळी वेंग भांडी घासता घासता पाठ करते आणि मी ऐकते. तुम्हीच सांगितलंत ना पोरांना, रोजच्या जगण्यातले दावे घ्या आणि तपासा? तर पहिला दावा तिने आमच्या नेस्तोरचा घेतला — नेस्तोर म्हणजे माझा नवरा, तो काय तिथे भट्टीपाशी, ऐकू येत नाहीये असं दाखवतोय. त्याचा दावा काय, तर मी दिवसाला दोनच सिगारेटी ओढतो. पोरीने वीस दिवस थोटकं मोजली. सरासरी निघाली साडेपाच! दावा नाकारला. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू, शेजारणीला हाक मारून सांगितलं. विज्ञान आहे म्हटलं, विज्ञानापुढे कुणाचं चालत नाही.

पण मी म्हणते, सिगारेट वेगळी आणि पाव वेगळा. त्या पाटीवर काय लिहिलंय वाचा — ‘प्रत्येक पांदेसाल पस्तीस ग्रॅम, कोरिंगचा शब्द.’ आता तुमच्या शास्त्रात ती शून्य परिकल्पना असते ना, ती मला फार आवडली. म्हणजे सुरुवातच अशी, की कोरिंग प्रामाणिक आहे असं धरून चला. किती सभ्य माणसांनी काढलं असेल हे! माझ्या सासूने पंचवीस वर्षांत एकदाही तिथून सुरुवात केली नाही. पण मग पुढे तुम्ही काय करता? छत्तीस पाव उचलता, सरासरी काढता, ती भरते साडेबत्तीस, आणि छत्तीस पावांच्या जिवावर एका बाईची अठरा वर्षं नाकारता. एवढंसं अडीच ग्रॅम हो! अडीच ग्रॅम म्हणजे काय, फुंकर मारली तर उडेल. — काय गं? दहा? हे घे. अगं सर बसलेत, पैसे ठेव तिथे आणि जा.

हं, तर मी वेंगला म्हटलं, तुमच्यात चुकून नाकारायची मुभा पाच टक्के असते ना, ती एक टक्का करून टाक, जरा सैल सोड आईला. तर म्हणते, “आई, एक टक्का केला काय, अर्धा केला काय, तू जातेसच.” जातेसच म्हणे! मी म्हटलं, बरं, मग असं लिही, की कोरिंग प्रामाणिक आहे असं सिद्ध झालं. तर म्हणे ते कधीच सिद्ध होत नाही. पाव अगदी बरोब्बर भरले असते, तरी फार तर ‘नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही’ एवढंच लिहितात. अहो मग तेच लिहा ना! मला तेवढं पुष्कळ झालं. आपली सगळी नगरपालिका तेवढ्यावर चालते, निवडणुका जिंकतात लोक तेवढ्यावर, आणि मी दोन भट्ट्यांची बाई, मलाच तेवढं मिळू नये?

ठाऊक आहे, ठाऊक आहे, तुम्ही पुन्हा पुन्हा कागद पुढे करू नका. सही नसेल तर शुक्रवारी जिल्ह्याच्या प्रदर्शनात हा गट उभा राहणार नाही, गट उभा राहिला नाही तर गुण नाहीत, आणि गुण नाहीत तर वेंगच्या लॉस बान्योस विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घरीच राहतो. रात्रंदिवस तेच चाललंय माझ्या डोक्यात. मला काय पोरीचं वाईट करायचंय? पण सही केली की शुक्रवारी एवढा मोठा तक्ता लागणार, त्यावर माझ्या दुकानाचं नाव, माझ्या पावांचा फोटो, आणि खाली ‘नाकारला’. मग मी काउंटरला उभी कशी राहू, तुम्हीच सांगा.

आणि खरं सांगू का, त्यांचं चुकलंच आहे! आई म्हणून नाही बोलत, शास्त्राच्या हिशेबाने बोलते. नमुना कसा हवा? रँडम हवा. तुम्हीच शिकवलंत ना? कुठलाही पाव, कुठल्याही वेळेचा, चिठ्ठ्या टाकल्यासारखा. आणि ह्यांनी काय केलं — सहा दिवस, रोज सहा, आणि रोज शाळेत जाता जाता, सात वाजता! सगळेच्या सगळे साताचे! साडेपाचचे का नाही घेतले? अहो, साडेपाचचा एक पाव त्या काट्यावर ठेवला असता ना, एकच, तर काटा कसा गेला असता सांगते — अडतीस! अडतीसच्या खाली साडेपाचचा पाव माझ्या भट्टीतून बाहेर पडत नाही! दोन्ही मिळून सरासरी काढा, बघा पस्तीस येते की नाही. येतेच! कोरिंगचा शब्द म्हणजे—

असे काय बघताय?

नाही, म्हणजे... तसं नाही ते. पहिल्या ट्रेचं पीठ ताजं असतं, जास्त फुगतं — हो, फुगलं म्हणून वजन वाढत नाही, ते मलाही कळतं सर, मध्ये बोलू नका. हे बघा, साडेपाचला कोण येतं? पाद्रींच्या घरची बाई येते. वस्तीच्या प्रमुखाचा ड्रायव्हर येतो. वजनमापं तपासणारे साहेब स्वतः येतात, ते तर घरी नेऊन काट्यावर ठेवतात, त्यांना दुसरं सुचतच नाही. तुमची घरमालकीण येते — तिचा भाऊ नगरपालिकेत, म्हणून. म्हणजे तुम्ही खोलीवर जे खाता ना सर, ते अडतीसचे. आता ते हातातले आहेत ते... असू दे, कॉफी घ्या. आणि सातला कोण येतं? ट्रायसिकलवाले, मासळीवाल्या बाया, शाळेची पोरं. घाईत असतात बिचारे, खातात आणि पळतात, त्यांना कुठे कळतंय? आणि मी काय करू? पीठ महागलं. पावाचा भाव वाढवला की अख्खं गाव दारात येऊन भांडतं. पाव हलका केला की कुणी हूं की चूं करत नाही. मग कुणाचा हलका करू, सांगा ना — तपासणाऱ्याचा? हे जगात सगळीकडे असंच आहे, मी काही नवीन शोध लावला नाही. तुमच्या शाळेत पुढच्या बाकावर कोण बसतं, विचारू?

नका मान हलवू. तुम्ही हे त्या तक्त्यावर लिहायचं नाही हं सर. पोरांनी नाही शोधलं, तुम्ही कशाला शोधता? ती चार मठ्ठ पोरं, सहा दिवस माझ्या दुकानात आली आणि एकालाही सुचलं नाही की दुसऱ्या वेळेला येऊन बघावं! एवढी साधी गोष्ट! असली पोरं जिल्ह्याला काय उभी राहणार? वेंगला तरी सुचायला हवं होतं, ती तर घरचीच—

काय? दुसरं पान? सांगितलं ना, मी दुसरं वाचलं नाही. द्या इकडे. चष्मा... हं. ‘अभ्यासाच्या मर्यादा.’ हे काय असतं? बरं, वाचते. ‘सहा वाजण्याच्या आधी विकले जाणारे पाव आम्ही तपासले नाहीत. हा निष्कर्ष फक्त सात वाजताच्या पावांना लागू आहे. आधीचे पाव न घेण्याचं कारण... गटातल्या कोणालाही इतक्या पहाटे उठणं शक्य झालं नाही.’

अक्षर वेंगचं आहे.

उठणं शक्य झालं नाही? हिला? अहो सर, काहीतरीच काय लिहिलंय — तीनला उठते ती, रोज, माझ्याही आधी, नेस्तोरने भट्टी पेटवायच्या आधी तिचे हात पिठात असतात. पहिले सगळे ट्रे तीच वळते, अडतीसचे, एकेक गोळा काट्यावर ठेवून, मीच शिकवलंय तिला, पहिले जड, मागचे हल...

पेन आहे?

इथे ना? ह्या रेघेवर. — सोकोरो... थांबा, हात पिठाचा आहे, कागदाला लागेल. बाल्मेस. झालं. घ्या.

आणि हे बघा, मी दुसरं पान वाचलं हे तिला सांगू नका. विचारलं तर म्हणा, आईने न वाचताच सही केली. ती तुमची पावांची पिशवी ठेवा इथे, ती सातची आहे. उद्या देईन दुसरी. निघा आता, शाळेची वेळ झाली तुमची.