सांडवा कोनी अडवला?

...अन् वरून जो तो मलेच विचारते, "उमरावजी, तुमी गाडीले काय केलं?" अरे मी काय करीन? हप्त्यातून दोनदा धुतो, मऊ कापडानं पुसतो, बायको म्हनते त्यातलं अर्धं प्रेम माह्यावर करा... अन् मलेच विचारते! तुमाले सांगतो, त्या सकाळी फक्त पूजा केली जी. बाकी गाडीले हात लावला असंल तर हात झडून जाईल माहा!

आमच्या पोरासाठी, ओमेशसाठी, दरेकसा गावची पोरगी पाहायले निघालो होतो. नवी डिझेल गाडी, टर्बोवाली. चालवाले मी, पुढं बाजूले आमचे बाबा, बिसराम पाटील, वय ब्याऐंशी. मांगं बायको, इस्त्रीच्या कपड्यात आखडून बसलेला ओमेश, अन् माहा साळा धर्मेंद्र, गोंदियाचा, कोनत्याबी गोष्टीवर हसनारा. सपाट रस्त्यानं गाडी काय पळाली म्हनता! अन् चढ लागला तशी गुर्रर्र करून बसली. दाबा, दाबा, पाय खाली टेकला, गाडी म्हनते मी नाई जात! समोर मीटरात इंजिनाचा पिवळा दिवा पेटला. एक मानूस उतरून सायकल ढकलत होता, तो आमच्या पुढं निघून गेला... अन् मांगं पाहून हसला! धर्मेंद्र म्हनते, "जीजाजी, धक्का दूँ क्या? और ये अचार की बास कहाँ से आ रही है?" मी बायकोवर खेकसलो, डब्यात काय घेतलं म्हनून. तिनं डबाच आनला नव्हता.

आलो वापस. तिकडून पोरीची माय सुशिलाबाई फोनवर, "अर्ध्यातून फिरले म्हंजे मनात नसंल जी तुमच्या. रविवारपर्यंत थांबतो, मंग दुसरे पाहुने येऊन राहिले." ओमेशनं जेवनच सोडलं. फोटो पाहून पोरगी मनात बसली होती ना त्याच्या!

नेली शोरूमात. टायवाल्या साहेबानं स्टिअरिंगखाली वायर खुपसली, मशीन पाहिली, म्हनते, "सर, टर्बो वेस्टगेट का कोड है." म्हनलं, पन कायले आला? "सर, मशीन झूठ नहीं बोलती." अरे बापा, बोनेट तर उघड! "जरूरत नहीं सर. पूरा टर्बो बदलेंगे, नागपुर से आएगा, पंद्रह दिन." पंधरा दिवसांत पोरगी दुसऱ्याच्या घरी नांदायले जाते ना गा! म्हनलं, सध्या तो कोड पुसून दे. पुसला. चढ लागला... पिवळा दिवा हजर! धर्मेंद्र म्हनते, "मशीन झूठ नहीं बोलती, जीजाजी."

मंग मी काय सोडतो? पंपवाल्याले म्हनलं, डिझेलात पानी हाय. ओमेशले म्हनलं, तूच गाडी रपेटली. शेजारच्या भैय्यालालले म्हनलं, तुह्या धानाच्या पोत्यातले उंदीर माह्या गाडीत येते. तो म्हनते, मशीननं उंदराचं नाव घेतलं का? गल्लीभर वरडलो जी मी. घसा बसला!

शनिवारी कोहमाऱ्याले टिंकू मिस्त्रीकडं गेलो. ट्रकवाला मिस्त्री, टाय-बिय काई नाई. बाबाबी संगं आले. बाबा म्हनते, "वेस्टगेट म्हंजे काय गा?" टिंकू म्हनते, "टर्बोत दाब जास्ती झाला का जास्तीचा धूर बाजूनं काढून देनारं दार हाय, बुवा. ते अडकलं तर गाडी भिऊन आपली ताकदच कमी करते."

"म्हंजे तलावाचं जास्तीचं पानी सोडनारा सांडवा!" बाबा म्हनले. अख्खी जिंदगी तलावाच्या पारीवर, बांधावर गेली त्याह्यची. "सांडवा आपोआप नाई अडत, उमराव. कोनीतरी घरचाच मानूस माती टाकते, नाई तर मासोळ्यांसाठी जाळं लावते. अन् पंचायतीत सगळ्यात मोठ्यानं वरडते ना, त्याचंच जाळं असते."

मी टिंकूले म्हनलं, राहू दे गा, बोनेट नको उघडू. काऊन ते सांगतो...

टिंकूनं बोनेट उघडलं. बाबानं काठीच्या टोकानं ते दार उघडनारी बारीक सळई दाखवली, तलावाची पार पाहावी तशी सावकाश. अन् तिथं... तांब्याच्या तारेनं सळई अन् बाजूची नळी एकत्र करकचून बांधलेली. तारेत एक बिब्बा, सात मिरच्या, अन् भाजून काळं झालेलं लिंबू!

आता कसं सांगू? इतक्या मोठ्या कामाले निघालो, नजर नको लागाले. बाहेर बांधलं तर धर्मेंद्र हसते. म्हनून बोनेटच्या आत, कोनाले दिसनार नाई अस्या जागी, माह्या याच हातानं...! मशीन खोटं बोलत नाई जी. तिनं फक्त माहं नाव नाई घेतलं.

टिंकूनं तार तोडली. रविवारी गाडी दरेकशाचा चढ असा चढली का सायकलवाला असता तर नमस्कार केला असता. पोरगी पसंत, पोरगा पसंत, ओमेशनं सात पुऱ्या खाल्ल्या. मले तर रडूच आलं. निघताना सुशिलाबाई बाहेर आल्या. हातात काय? लिंबू-मिरची-बिब्ब्याची हातभर माळ! "शकुनाची हाय जी, समोरच बांधा, सगळ्याले दिसू द्या." आता होनाऱ्या विहीनबाईले नाई म्हनू? धर्मेंद्रनंच बांधली, नंबर प्लेटच्या वर, हसून हसून डोळ्यांतून पानी गळून राहिलं त्याच्या.

अन् मी बोनेटकडं नुसता एक पाय टाकला, तर बाबा काठी आडवी धरून म्हनते, "तू मांगं बस."

तेव्हापासून, तुमाले सांगतो, माह्याच गाडीत मी मांगच्या सीटवर बसतो.