बिनतोंडाचे फोटो

बायजा : अरे दया, वाळूत पालथा काय पडलास! लोक म्हनतील, स्टुडिओवाल्याला फीट आली.

दयाराम : गप अक्का. हलू नकोस, तुझी सावली हलते.

बायजा : माझी सावली? आता माझाच फोटू काढतोस व्हय?

दयाराम : डावाचा नियम कुणी घातला? तूच ना? तोंड दिसता कामा नये, पण माणूस ओळखू आलं पाहिजे. कमरेवर हात ठेवून साऱ्या अलिबागला जाब विचारणारी ही सावली कुणाची, ते तुझ्या गावचं, म्हसळ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. हं... काढला!

बायजा : ऊठ आता. लेंग्याची पार वाट लावलीस. कोकिळा मला बोल लावंल, नणंद आली नि नवऱ्याला बिघडवून गेली म्हनून.

दयाराम : बिघडायचं काय राहिलंय? संपले नंबर. थांब, रोल शेवटपर्यंत गुंडाळतो.

बायजा : मी गुंडाळते. तूच शिकवलंस ना? लाल भिंगातून आकडे बगायचे नि चावी फिरवायची. दे.

दयाराम : घे बाई. मेलेल्याच रोलवर शिकतेयस, उजेड लागलेला. बिघडवायला काही उरलेलं नाही त्यात.

बायजा : तरी मजा आली का न्हाय?

दयाराम : आली. खोटं कशाला बोलू! तो सदू न्हावी... नुसता वस्तरा धरलेला हात घेतला मी, आणि समोर गिऱ्हाइकाची आखडलेली मान. मान बघूनच कळतं, सदूच्या तावडीत सापडलाय बिचारा.

बायजा : आन् नीराबाई?

दयाराम : डोक्यावर मासळीची पाटी, आणि भाव करताना झटकलेला तो हात! तो हात सांगतो, घ्यायचं तर घे, नाहीतर चालू लाग.

बायजा : मी काढला तो धर्माजी हवालदार बी चांगला आला असंल.

दयाराम : त्यात तुझं बोट आलं असेल.

बायजा : बोट येऊ दे. ढेरी मी बरोबर मधोमध धरली व्हती!

दयाराम : ढेरी धरलीस म्हणजे हवालदार आलाच. शाब्बास!

बायजा : हसलास! अगं बया, हसलास की रे तू. परवा मी आले तवा तुझं थोबाड बगून मला वाटलं, घरात कुनी गेलं का काय.

दयाराम : गेलंच म्हण. आज दुपारी येसाजी येतोय, त्याला विकलेला कॅमेरा न्यायला. कपाटात एक धड रोल उरलाय, तोही त्याच्याच नावाने ठेवलाय. सोमवारपासून मी भातगिरणीत कारकून. स्टुडिओची पाटीही उतरवून ठेवली.

बायजा : रोल मिळत न्हाय, म्हनून दुकान बंद करायचं?

दयाराम : परदेशी माल यायचा थांबलाय अक्का. मुंबईतसुद्धा मिळत नाही. मिळाला तर दुप्पट दाम.

बायजा : ह्ये कोकिळेला सांग, येसाजीला सांग. मला नको सांगू. मी तुला न्हाऊ-माखू घातलंय.

दयाराम : ...खरं सांगू? रोल मिळत होते तेव्हाही हात चालत नव्हता. इतकी वर्षं एकच घोकतोय. मान सरळ, हसू नका, हलू नका, श्वास धरा. समोरचा लाकूड होऊन बसतो, आणि कॅमेऱ्यामागे मीही लाकूड. मग रोल मिळेनासे झाले आणि मला बरंच वाटलं. कुणाला सांगायला कारण झालं.

बायजा : आन् आज?

दयाराम : आज लाज वाटेल असा बागडलो. कोळणींच्या मागे काय धावलो, वाळूत काय लोळलो! हे खरे उमटले असते ना अक्का, तर येसाजीला मी दारातूनच परत लावला असता.

बायजा : देवाची आण?

दयाराम : आणेने मेलेला रोल जिवंत होतो का?

बायजा : व्हत न्हाय. तू आदी कॅमेरा माझ्याकडंच राहू दे, आन् चार पावलं लांब हो.

दयाराम : का?

बायजा : मेला रोल कोकिळेच्या पोळपाटाखाली हाय. ह्यात कपाटातला हाय.

दयाराम : काय?

बायजा : काल घातला. तू दाखवलंस तसाच. माजघरात दार लावून, डोक्यावरून गोधडी घेऊन. कोकिळा राखन करत व्हती.

दयाराम : अक्का! अगं शब्द दिलाय मी येसाजीला! एकुलता एक रोल, आणि त्यावर हवालदाराची ढेरी? आणि मी... मी अंतर मोजलं नाही, उजेड मोजला नाही, वाटेल तसा खटका दाबत सुटलो!

बायजा : म्हनून तर सांगितलं न्हाय! खरा रोल म्हनल्यावर तू पुन्ना मान सरळ, हसू नका चालू केलं असतंस. मी काय येडी हाय? फोटूचं मला काय बी कळत न्हाय. पर माझा भाऊ बेडकामागं चिखलात लोळायचा, आईचा मार खाऊन बी हसायचा. तो मला पायजे व्हता. गिरनीत पोती मोजनारा न्हाय. आता वरड, काय वरडायचं त्ये.

दयाराम : चल.

बायजा : कुठं?

दयाराम : घरी. रोल धुवायला. येसाजीची मोटार यायच्या आत कळू दे काय दिवे लावलेत ते.

(दुपार. स्टुडिओची अंधारी खोली. कोनाड्यात लाल दिवा. औषधाच्या थाळीत रोल बुडवून दयाराम त्याचं एक टोक वर, एक खाली करतोय.)

बायजा : दया, दिवा चालंल ना? उजेड लागंल त्येला.

दयाराम : हा जुन्या जातीचा रोल, लाल उजेडाला भीत नाही. तू धक्का देऊ नकोस म्हणजे झालं.

बायजा : काय दिसतंय?

दयाराम : पहिला गेला. दुसराही... गेला. घालताना गोधडीत कुठे फट राहिली असणार.

बायजा : अरे देवा. मंग समदंच...

दयाराम : थांब. थांब, थांब... सदूचा हात! मानेची शीर न् शीर आलीय बघ!

बायजा : काळं-पांढरं उलटंच दिसतंय की.

दयाराम : कागदावर सुलटं होईल. ही नीराबाई. आणि हे, ढेरी! अक्का, बोट पण आहे तुझं!

बायजा : सांगितलं व्हतं ना मधोमध हाय म्हनून!

दयाराम : हा कुठला? हा मी नाही काढला. पाठमोरा कुणीतरी. गुडघ्यापर्यंत पाण्यात, दोन्ही हात वर, लेंगा चिंब. हाका मारतोय वाटतं कुणाला. कोण गं हा? भलताच खुशीत आहे माणूस.

बायजा : वळख की. तोंड नसलं तरी वळखता आलं पायजे, असा नियम हाय.

दयाराम : खांदे तर... नाही बुवा. कोळी कुणी?

बायजा : तूच रे, येड्या. नीराबाई, थांबा थांबा, म्हनून वरडत व्हतास. मी दाबला खटका.

दयाराम : ...मी?

बायजा : तूच.

कोकिळा : (दाराबाहेरून) अहो, येसाजी आलेत! ओटीवर बसवलंय, चहा दिलाय. कॅमेरा कुठाय म्हणून विचारताहेत. दार उघडू का?

दयाराम : नको, नको! दार उघडू नकोस, उजेड येईल.

कोकिळा : मग त्यांना सांगू काय?

दयाराम : सांग, फोटोग्राफर कामात आहे.