बारशाच्या घुगऱ्या

रविवारी संध्याकाळी मुरबाडच्या स्टँडवर माझ्या बाकड्यावर दोघी येऊन टेकल्या. प्रेमा आणि नम्रता. केळव्याच्या समुद्रावर मैत्रिणींबरोबर दोन दिवस राहून आलेल्या. सासूला थाप मारल्याचं काहीतरी बोलत होत्या. आमच्या काळी सासूला फसवायला अक्कल लागायची, म्हणून मी कान दिला.

“प्रेमा, तोंड का गो पाडलंस? काल तर पाण्यातून निघत नव्हतीस.”

“घरी सांगितलंय, बहिणीच्या पोराच्या बारशाला जाते. आता सासू घुगऱ्या मागेल. बारशाहून रिकाम्या हातानं कोण येतं?”

“समोरच्या गाडीवरचे उकडलेले चणे घे.”

“त्यात कांदा नि लिंबू असतं गो! म्हातारीला काय कळणार नाय?”

“मग सांग, वाटतानाच संपल्या.”

“बारशाला घुगऱ्या पुरल्या नाय म्हणून सांगू? माझ्या माहेराची अब्रू घालवतेस?”

“खोटं बोलून फिराया आलीस, तेव्हा नाय गेली अब्रू? घे, फोन वाजतोय तुझा.”

“सासूच हाय... हां, आई... हां... हां.”

“काय म्हणाल्या?”

“बहीण कालच पोराला घेऊन आमच्याकडं आलती. समुद्राचं तुझ्या सासूनं सांगितलं.”

“मेलीस तू! लय शिव्या घातल्या?”

“नाय गो. म्हणाल्या, एवढी समुद्रावर गेलीस, तर सुके बोंबील तरी घेतलेस का?”

“मग? घेतलेस?”

“कुठले? पिशवीला वास येईल म्हणून घेतलेच नाय.”