आत्याआजीचा अळू

नाव चुंग च्युन-मेइ, वय ५४, धंदा तांदळाच्या शेवयांची टपरी, राहणार मेइनोंग, दक्षिण तैवान. मी समक्ष येऊन सांगते की,

ली-केंग वाडीत माझी आई, वय ८३, आणि थोरला भाऊ युंग-फा असे दोघेच राहतात. आईला आता जवळजवळ दिसत नाही. परसात तिने लावलेला अळू आहे. जागा तिच्या नावावर आहे. दादाला ती विकायची आहे, पण आई कागदावर सहीचा शिक्का मारत नाही.

मार्चमध्ये दादाने त्याच ओळींत आत्याआजी आणून लावली. रानातल्या विषारी अळवाला आम्ही आत्याआजी म्हणतो. तिचे पान छत्रीएवढे होते. कंद शिजवून खाल्ला तरी घसा सुजतो, म्हाताऱ्या माणसाचा श्वास कोंडतो. मी विचारले तेव्हा दादा म्हणाला, "शोभेला गं. शहरात लोक कुंडीत लावतात. तुला काय कळतंय, शेवयावाली!"

दोन्ही पाने सारखीच दिसतात. ओळखायचे तर पानावर पाणी टाकायचे. अळवावर थेंब घरंगळतो, आत्याआजीवर पसरतो. आई बोटाने चाचपून ओळखायची. गेल्या रविवारी गेले तर परसात एकही पान नव्हते, नुसते खुंट. वादळाने फाटली म्हणून छाटली, असे दादा म्हणाला. वादळ आले होते हे खरे आहे. शेजारची केळ मात्र पानांसकट उभी होती.

आज सकाळी दहाला गेले तेव्हा फाटकाला आतून कुलूप होते. मी हाक मारली तशी आई ओट्यावरून ओरडली, "मेइ, आज तुझा दादा स्वतः कंद सोलतोय! जन्मात पहिल्यांदा!"

मी म्हटले, "आई, तोंडात घालू नकोस."

ती हसली. "लहानपणापासून तू त्याच्या वाईटावर. कधी तरी भावाचं कौतुक कर की!"

दादा बाहेर आला. मला म्हणाला, "जेवून जा म्हटलं असतं, पण एकीपुरतंच आहे."

दादावर माझा राग आहे, तो मी लपवत नाही. मी खोटी ठरले तर त्याचे पाय धरीन. पण मला फार भीती वाटते आहे. घरचा फोन कोणी उचलत नाही. आई साडेअकराला जेवते. फाटक उघडायला माणूस द्या म्हणून मी आले. आधी जबाब लिहावा लागेल, असे हवालदारांनी सांगितले.

जबाब मला वाचून दाखवला. वाचू नका, चला, असे मी दोनदा म्हटले, तरी पूर्ण वाचला. मजकूर मी सांगितला तसाच आहे. सही केली तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती.