नव्या व्हर्जनची शिकवणी

तो: …आणि हे लेबल अजून तसंच. 'ही वायर काढू नये.' माझंच अक्षर ना हे?

ती: तुझंच. एका ओळीखाली तीन रेघा मारणारा माणूस या बँकेत दुसरा झाला नाही. काढ आता ती.

तो: काढू?

ती: काढ. तिच्या पलीकडे आता काहीच नाही. परवाच सगळं नव्या मशीनवर गेलं.

तो: तरी हात जात नाही गं.

ती: म्हणून तर तुला आणलं. उद्या भंगारवाले येऊन उचलतील. म्हटलं, ज्याने हा सर्व्हर बसवला त्याच्याच हातून बंद होऊ दे.

तो: मी एकट्याने नाही. या खोलीत जे बसलं ते तू, मी आणि आपले तेव्हाचे साहेब, मास्तर, तिघांनी बसवलं. एवढं सगळं करून खाली दारावर सही घेतली माझी, आणि गळ्यात 'पाहुणा' लिहिलेलं कार्ड अडकवलं. रिटायर होऊन वर्ष नाही झालं.

ती: शोभतंय तुला. उलटं लटकतंय फक्त.

तो: बँकेच्या सॉफ्टवेअरचं पहिलं व्हर्जन खोक्यातून आलं होतं, आठवतं? माणसाने खांद्यावरून वर आणलं आणि धापकन टेबलावर टाकलं. मास्तर ओरडले, अरे, बँक आहे त्यात.

ती: डिस्कची चळत, आणि उशाला घेता येईल एवढं जाड मॅन्युअल. एकच. आणि आपण तिघं.

तो: तर मास्तरांनी शिपायाकडून कटर मागवला आणि पुस्तकाचे सरळ तीन तुकडे केले. मला वाटलं, साहेबांचं डोकं फिरलं.

ती: मला रडू यायचं बाकी होतं. कोरं करकरीत पुस्तक.

तो: काय म्हणाले होते? 'ज्याचा भाग त्याने वाचायचा आणि दुसऱ्या दोघांना शिकवायचा. या खात्यात कुणी एकट्याने शहाणं व्हायचं नाही.'

ती: मला बॅकअपचा भाग आला. सगळ्यात कंटाळवाणा.

तो: आणि पहिल्यांदा तोच उपयोगी पडला. डिस्क बंद पडली, एका शाखेची सगळी खाती गायब. मी आणि मास्तर एकमेकांची तोंडं बघतोय. तू टेप लावलीस आणि म्हणालीस, 'दुपारपर्यंत येतील परत. तोवर डबे खाऊन घ्या.'

ती: पाय लटपटत होते माझे.

तो: दिसलं होतं मला. म्हणून तर लग्नाचं विचारलं.

ती: पाय लटपटत होते म्हणून?

तो: लटपटत असून उभी होतीस म्हणून.

ती: ती निळी वायरही काढ. आता खोकं येत नाही. मेल येतो. 'नवीन व्हर्जन उपलब्ध आहे.' खाली लिंकांची रांग. व्हिडिओ, माहितीपुस्तिका, सरावाला एक खोटं मशीनसुद्धा देतात. मोडलं तरी कुणी विचारत नाही.

तो: मजा आहे. पण वाचतं कोण एवढं?

ती: मी वाचते.

तो: तू कशाला डोळे फोडतेस? तुझी नोकरी यंदा संपतेय. बाहेरची कंपनी बघेल की.

(ती काढलेली वायर हातात घेऊन खाली बसते.)

तो: काय झालं? वायर हातात धरून काय बसलीस?

ती: मला थांबायला सांगितलंय. अजून दोन वर्षं. सगळ्या शाखा नव्या व्हर्जनवर न्यायच्या आहेत. ते काम मी बघायचं.

तो: मग तू काय सांगितलंस?

ती: हो म्हणाले.

तो: कधी?

ती: गुरुवारी.

तो: आज रविवार आहे.

ती: कळतंय मला.

तो: लेकीने तिच्या घराचा खालचा मजला आपल्यासाठी रंगवून घेतलाय. मी पडद्यांची मापं पाठवली. आपलं ठरलं होतं ना सगळं?

ती: ठरलं होतं.

तो: दिवसभर इथल्या घरात भिंतींशी बोलतो मी. संध्याकाळी लिफ्ट वाजली की चहा टाकतो. तू सुटशील, मग आपण जाऊ, एवढ्यावर दिवस ढकलतोय.

ती: म्हणून तर घरी तोंड उघडेना. इथे आणून सांगितलं.

तो: म्हणजे मशीन बंद करायला नव्हतं आणलंस.

ती: दोन्हीसाठी आणलं.

तो: एका व्हर्जनसाठी एवढं? आयुष्यात किती व्हर्जनं आली नि गेली.

ती: ट्रेनिंगला दर वेळी कोण गेलं?

तो: मी. पण तेव्हा…

ती: तेव्हा लेक पाळण्यात होती. पुढच्या वेळी तिला गोवर. त्यापुढे तिची परीक्षा. मग तू हेड झालास, आणि हेडनेच जायचं असं ठरलं. भांडत नाहीये मी. खरंच भांडत नाहीये.

तो: आल्या आल्या तुला सगळं शिकवायचो की. बॅगसुद्धा उघडायचो नाही.

ती: स्वयंपाकाच्या ओट्यावर. मी भांडी विसळतेय आणि तू वाट्या मांडतोयस. मोठी वाटी म्हणजे मुख्य मशीन, चमचे म्हणजे शाखा, पिठाचा डबा म्हणजे बॅकअप.

तो: पिठाचा डबा तू आणलास मध्ये. म्हणालीस, बॅकअप ऐसपैस हवा.

ती: हवाच.

तो: लेक विचारायची, आई-बाबा भातुकली का खेळतात? तसे दिवस पुन्हा नाही आले गं.

ती: नाही आले. अजून काही नवीन वाचलं की मला आधी त्या वाट्याच दिसतात. पण माझं सगळं शिक्षण त्या ओट्यावर झालं रे. मला एकदा वर्गात पुढच्या बाकावर बसायचंय. अडलं तर हात वर करून मीच विचारायचं. तू येईपर्यंत थांबायचं नाही.

तो: हे कधी बोलली नाहीस.

ती: तेव्हा वाटतच नव्हतं. तू रिटायर झालास, मी तुझ्या खुर्चीत बसले. मग वाटायला लागलं.

तो: कुठे आहे ट्रेनिंग?

ती: एक आठवडा बाहेरगावी. बाकीचं इथूनच, स्क्रीनवर.

तो: बरोबर कोण?

ती: सगळी आपल्या लेकीच्या वयाची. मी दिसले की खुर्ची पुढे करतात.

तो: खुर्ची घे. पण प्रश्न पहिल्यांदा तू विचार. नाहीतर पहिला दिवस सगळे नुसत्या माना डोलवतात. मीही डोलवायचो.

ती: म्हणजे जाऊ?

तो: हो सांगून बसलीस, आता मी काय अडवणार.

ती: असं नको. रागावून नको.

तो: रागावलोय थोडा. आजच्या आज नाही जायचा तो. लेकीला सांगतो, आधी मी एकटा येतो. तू सुट्टीला येत जा. पडदे मी लावीन, तू येऊन नावं ठेव.

ती: करमेल तुला?

तो: इथे कुठे करमतंय? तिथे नात तरी आहे डोकं खायला.

ती: मी रोज फोन करेन.

तो: काय सांगशील फोनवर?

ती: त्या दिवशी काय शिकले ते.

तो: मला आता काय उपयोग त्याचा?

ती: काही नाही. तरी ऐक.

तो: ऐकेन.

ती: चल, एवढं बटण राहिलंय.

तो: तू दाब.

ती: दोघं दाबू. सरक जरा.

(मशीनचे पंखे मंदावत जातात आणि थांबतात. ती भिंतीवरचा एसीही बंद करते.)

ती: असा का बघतोस?

तो: या खोलीत आपण सगळा जन्म ओरडून बोललो. आत्तासुद्धा ओरडूनच भांडलो.

ती: त्या घरघरीपुढे दुसरं काय करणार.

तो: आता बोल काहीतरी. हळू.

ती: काय बोलू?

तो: काहीही.

ती: भूक लागलीय.