हेमलतेचा कुकरमधला केक

आले का सगळे? खांबाला टेकलेले काका, जरा पुढं सरका — त्या खांबापाशी झोप फार लवकर लागते! हां. आता एकदा मोठ्यानं म्हणा — गोविंद! ...बास, जागे झालात.

तर मंडळी, ऐका! साहेब समोर आला की आपण काय म्हणतो? 'तुम्ही'! जावई दारात आला — 'तुम्ही'! नळ दुरुस्त करणारा रविवारी आला, तर 'तुम्ही'सुद्धा नाही — 'आपण'! 'आपण चहा घेणार ना?' आणि हा जो गाभाऱ्यात उभा आहे, ज्यानं तो साहेब घडवला, तो जावई घडवला, त्याला? त्याला आपण खुशाल म्हणतो — 'तू'! 'देवा, तू बघ रे बाबा आता!'

कुणी दिला हो हा अधिकार? कशानं माणूस 'तुम्ही'वरून 'तू'वर येतो? पाठांतरानं? सोवळ्यानं? नैवेद्य बिनचूक झाला म्हणून?

याचं उत्तर द्यायला आज पुराणात जात नाही. कराडला जाऊ. आणि आख्यान कशाचं? केकचं! ...आजी, असं तोंड करू नका. बिनअंड्याचा होता!

कराडला वासुदेव निगुडकर नावाचे एक गृहस्थ. औषधाचं दुकान, सरळ माणूस. घरात दोन लेकरं. थोरली गार्गी, दुसरीत. धाकटा अद्वैत. नाव केवढं! पण अद्वैताला अजून चड्डीचं बटण लावता येत नाही, म्हणून सगळे त्याला दादू म्हणतात. या लेकरांची आई आजारपणात गेली. मग घर कुणी सावरलं? वासुदेवरावांच्या थोरल्या बहिणीनं, सुलभाआत्यानं. सांगलीचं स्वतःचं घर बंद करून बाई इथं येऊन राहिली. आणि हाताला चव काय! तिच्या आमटीचा वास सुटला की शेजारच्या घरात जेवणावरून भांडणं व्हायची! पोरांना तिनं काही कमी पडू दिलं नाही. फक्त ओट्यापाशी यायचं नाही. 'बाहेर बसा, गरम गरम वाढते!' प्रेमानंच हो. पण बाहेर!

पुढं वासुदेवरावांचं दुसरं लग्न झालं. नवी आली हेमलता. बँकेत नोकरी. लहानपणापासून वसतिगृहात वाढलेली, जन्मभर खानावळीचं जेवलेली. स्वयंपाकातलं काय येत होतं तिला? चहा! आणि तोही उतू गेल्याशिवाय उतरत नसे!

आत्या सांगलीला परतली, पण जीव इथंच अडकलेला.

दादूनं हेमलतेला पहिल्याच दिवशी पास करून टाकलं. त्याचं काय, तो पोस्टमनलाही 'ए' म्हणतो. उद्या कलेक्टर आला तर त्यालाही म्हणेल, 'ए, तुझ्या गाडीत बसू?' पण गार्गी! गार्गी कशी वागायची? अतिशय नम्र! 'तुम्ही माझी वेणी घालू नका, मी बाबांकडून घालून घेईन.' 'तुम्ही झोपा. मला एकटीला झोप येते.' तुम्ही, तुम्ही, तुम्ही! अहो, पोर उद्धट असती तर रागावता तरी आलं असतं. नम्र माणसावर रागावायचं कसं? हेमलता न्हाणीघरात जायची, नळ मोठा सोडायची आणि त्या आवाजात रडून घ्यायची. त्या मावशी मान हलवताहेत बघा. नळ सगळ्यांच्याच घरी असतो!

एके दिवशी आत्याचा फोन आला. आत्याचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नाही, तो सगळ्या घरानं ऐकायचा. 'वासू, पोर मिटून गेलीय रे. मी रविवारी येते आणि तिला सांगलीला घेऊन जाते. शाळेचं तिकडं बघू.'

वासुदेवरावांनी फोन ठेवला. हेमलता दारात उभी. तिला म्हणावंसं वाटलं — नका नेऊ! पण तोंडातून शब्द फुटेना. कोणत्या तोंडानं म्हणणार? जी पोर आपल्याला 'तुम्ही' म्हणते, तिच्यावर आपला हक्क तो काय! आणि गार्गीला विचारलं, तर ती म्हणाली, 'बरं.' एवढंच! आणि कपाटावरची बॅग ओढून काढली.

रविवार उजाडला. वासुदेवराव आत्याला आणायला एसटी स्टँडवर गेले. इकडं हेमलता ओट्यापाशी उभी. तिच्या मनात आलं, पोर आज चालली, जाताना तोंड तरी गोड करावं. शिरा करू? पण मागचा शिरा आठवला — त्यात चमचा उभा राहिला होता, तो ओढायला वासुदेवरावांना बोलवावं लागलं होतं! म्हणून तिनं काय काढलं? पाकीट! चॉकलेट केकचं तयार पीठ. पाकिटावर चित्र असं, जसा काही रुखवतात मांडायचा केक! आणि खाली लिहिलेलं — 'फक्त दूध आणि तेल घाला.'

फक्त! मंडळी, हे 'फक्त' ज्यानं लिहिलं, त्याच्या घरी दादू नसणार!

'ए, काय करते?'

आला!

'केक करतेय.'

'मी पण!'

आता इथं आपण काय म्हटलं असतं? 'हात लावू नकोस!' बरोबर? पण हेमलतेला मुळात माहीतच नव्हतं, की स्वयंपाकघरात मुलांना असं म्हणायचं असतं! ती म्हणाली, 'बरं झालं आलास. हे फोड बघू.'

कात्री सापडेना. दादूनं पाकीट दातात धरलं, दोन्ही हातांनी ओढलं आणि — फट्! निम्मं तपकिरी पीठ आढ्याला! खाली आलं ते थेट दादूवर. नुसते डोळे आणि दात दिसताहेत. चिखलातून उठलेलं रेडकूच! त्यात डब्याला लावायला काढलेला मैदा त्यानं हात पुसायचा म्हणून गालांना पुसला. आता रेडकाला दाढी आली!

हेमलता बघतच राहिली. आणि मग तिला जे हसू फुटलं, जे फुटलं — ओट्याला धरून हसतेय, खाली बसून हसतेय, डोळ्यांतून पाणी येतंय! दादूला वाटलं, आपण काहीतरी फार मोठं काम केलं. त्यानं उरलेला मैदाही उडवला!

तबलजी, तुम्ही हसताय म्हणजे ठेका चुकणार!

त्या हसण्याचा आवाज आतल्या खोलीत गेला. गार्गी बॅग घेऊन बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबली. उंबऱ्यावरच! पाय आत नाही.

इकडं पाकिटात जे पीठ वाचलं होतं, ते पातेल्यात गेलं, त्यात दूध पडलं, तेल पडलं. पाकीट म्हणतं — 'गुठळ्या राहू देऊ नका.' गुठळ्या! दादूनं हात घालून एक बाहेरच काढली. 'ए, या गोट्या खेळायच्या?' हेमलता कालवतेय, कालवतेय, आणि गुठळ्या काही हटेनात!

उंबऱ्यावरून बारीक आवाज आला, 'एकाच बाजूनं फिरवायचं असतं.'

'असं?'

'नाही. तसं नाही. आई असं करायची...'

आणि गार्गीनं जीभ चावली. शब्द निघून गेला होता. त्या घरात तो शब्द कुणी मोठ्यानं काढत नसे.

मंडळी, हेमलतेनंही तो ऐकला. पण तिनं विषय बदलला नाही हो. मान खाली घातली नाही. तिनं चमचा पुढं केला आणि म्हणाली, 'मला येत नाही गं. आई कशी करायची, दाखवतेस?'

मला येत नाही! किती साधं वाक्य! पण आपल्या घशातून काढून बघा. आपल्याला सगळं येतं! आणि एकाला सगळंच येत असलं ना, की दुसऱ्याला शेजारी उभं राहायला जागाच उरत नाही.

गार्गीनं बॅग खाली ठेवली आणि ती आत आली.

मग काय विचारता! गार्गी ढवळतेय, दादू पातेलं धरतोय, म्हणजे हलवतोय! 'दादू, नीट धर!' 'तूच नीट ढवळ!' काजू घालायचे ठरले. काजू कुठले? दादूनं डबा शोधून आणला आणि मूठभर ओतलं सुद्धा. काय होतं? खारे दाणे! हेमलता म्हणाली, 'असू दे, दाणेसुद्धा चांगलेच असतात.' गार्गी फिस्सकन हसली!

घरात ओव्हन नव्हता. मग आपला कुकर! तळाला मीठ पसरलं, वर जाळी ठेवली, जाळीवर केकचा डबा. हेमलतेनं झाकण लावलं, गॅस पेटवला आणि मोठ्या समाधानानं हात झटकले.

आणि गार्गीचे डोळे एवढे मोठे झाले! कुकरमध्ये पाणी नाही, वर शिट्टी तशीच आहे, झाकणाला रिंग आहे! ती जोरात ओरडली —

'अगं, तू शिट्टी काढ ना आधी! शिट्टी! आणि रिंग पण!'

...

ऐकलंत? पेटीवाले, थांबवा जरा सूर. ऐकलंत का काय म्हणाली?

गार्गीच्याही लक्षात आलं. तिनं पटकन तोंडावर हात ठेवला. आणि हेमलता? तिच्या छातीत असा ठोका पडला की तिला वाटलं, कुकरचीच शिट्टी झाली! वाटलं, पोरीला उचलून घ्यावं, सगळ्या गल्लीला ओरडून सांगावं! पण शहाणी बाई हो. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गॅस बंद केला, शिट्टी काढली, रिंग काढली आणि विचारलं, 'आता बरोबर?'

'हो,' गार्गी म्हणाली. 'आता बरोबर.'

केक ठेवला. आणि मग सुरू झालं — 'झाला का?' झाकण उघड. 'झाला का?' झाकण उघड! अहो, केकला काही लाजलज्जा असते की नाही? कपडे बदलताना कुणी सारखं दार उघडलं तर काय होईल? तेच झालं! केक मधोमध खचला. डबा उपडा केला, तर निम्मा ताटात आणि निम्मा डब्यातच! आणि ताटातल्या त्या खड्ड्यातून एकेक दाणा डोकावतोय!

नेमकी त्याच क्षणी दारावरची बेल वाजली.

सुलभाआत्या आत आली. आढ्याला पीठ. फरशीवर दूध. दाढीवाला दादू. हेमलतेच्या केसात मैदा, आणि ओट्यावर तो अपघात! ज्या ओट्यावर आत्यानं कधी मोहरीचा दाणा पडू दिला नाही, तो ओटा! हेमलतेला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. हात पुसत ती पुढं झाली.

'वन्सं... माफ करा. बिघडला.'

'बिघडलेला नाहीये!' गार्गी मध्ये आली. ताट छातीशी धरून! 'आत्या, हा असाच असतो. मी ढवळलाय, दादूनं दाणे घातलेत. आणि आम्ही कुकरची शिट्टी पण काढली!'

आत्यानं गार्गीकडं बघितलं. गालाला चॉकलेट, वेणी सुटलेली, आणि एवढं मोठ्यानं बोलतेय! किती महिन्यांनी! आत्या ओट्यापाशी गेली. हातातली पिशवी खाली ठेवली, डब्याच्या तळाला बोट घातलं, लागलेली खरवड काढली आणि तोंडात टाकली. सगळे बघताहेत. वासुदेवराव तर श्वास धरून!

'हेमलता,' आत्या म्हणाली, 'पुढच्या वेळी डब्याला तूप जरा सढळ हातानं लाव.'

पुढच्या वेळी!

मग केक खाल्ला. चमच्यानं, कारण कापण्यासारखा तो राहिलाच नव्हता! शेवटी आत्यानं हळूच विचारलं, 'गार्गे, बॅग भरलीयेस ना? दुपारची गाडी आहे.'

गार्गीनं चमचा खाली ठेवला. ती उठली, हेमलतेच्या मागं जाऊन उभी राहिली आणि तिची ओढणी ओढून म्हणाली —

'तू सांग ना आत्याला. मला नाही जायचं.'

हे 'तू' चुकून निघालं नव्हतं, मंडळी! विचार करून म्हटलं होतं.

इतके दिवस जिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, ती हेमलता ताठ उभी राहिली. 'वन्सं, गार्गी इथंच राहील. तुम्हीच राहा चार दिवस. मला तुमची आमटी शिकवा. मला येत नाही.'

आत्यानं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, 'दाणे फार खारट आहेत हो तुमचे!'

म्हणा — गोविंद! गोपाळ!

आता जरा तुमच्याकडं वळतो. हसून झालं? देवळात येताना आपण काय करतो? इस्त्रीचं धोतर, नवी साडी, फुलं मोजकी, नमस्कार मोजका. चांगलं तेवढं देवाला दाखवायचं आणि करपलेलं घरी झाकून ठेवायचं! तोंडानं म्हणतो 'तू', पण वागणं सगळं 'तुम्ही'चं. 'तुम्ही बसा आत, आमचं आम्ही बघतो!' मग तो तरी काय करेल? उंबऱ्यावर उभा राहतो. त्याला कधी म्हटलंत का — बाबा रे, मला येत नाही, माझ्या पिठात गुठळ्या झाल्यात, ये, धर जरा हे पातेलं? म्हणून बघा! तो काही तुमच्या ओट्यावरची सांडलवंड बघायला येत नाही.

आणि घरातल्या लेकरांचं काय? त्यांनाही जरा आत येऊ द्या. सून असेल, सासू असेल, नवं माणूस असेल, त्यांच्याही हातात काहीतरी द्या. बिघडू द्या! फरशी काय, पुसता येते.

चला, आता त्याचं नाव घेऊ. पण साहेबाच्या केबिनच्या दारातून घेतल्यासारखं नको. शेजारच्या खोलीतल्या आपल्या माणसाला मारतात ना, तशी हाक मारा! मारा बघू!